सेन्सॉरबाईने न तोडलेली वायर

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मेथी निवडली. थंडीचे दिवस होते, जुडी चांगली दांडगी होती. मी देठ मोडत होतो, ही पानं खुडत होती. समोर टीव्ही चालू होता आणि त्याच्या तळाला जी अक्षरांची पट्टी सरकत जाते ती ही नेहमीसारखी मोठ्याने वाचत होती. "सातपूर भागात उद्या पाणी कमी दाबाने येईल." मी म्हणालो, "मला डोळे आहेत." ही म्हणाली, "आहेत ना. मी कुठे नाही म्हटलं?" आणि पुढची पट्टी वाचायला लागली. मेथी संपली तशी टोपली उचलून ओट्याकडे गेली. लसूण सोलते म्हणाली. थोड्या वेळाने टोपली पडल्याचा आवाज आला. मी उठून गेलो तर ओट्याला पाठ टेकून खाली बसली होती. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हती. रिक्षात घालून दवाखान्यात नेली, तोवर संपलं होतं. म्हणजे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं काय, तर मला डोळे आहेत.

मेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मला चांगलं बोलायचं नाही, खरं बोलायचं आहे. माझी बायको आमच्या पोराच्या मनातून उतरली ती माझ्यामुळे. ती उतरत होती आणि मी बघत बसलो होतो, एक-दोन दिवस नाही, पंधरा वर्षं. चौथीत माझी शाळा सुटली. सातपूरच्या एका कंपनीत फिटरच्या हाताखाली जन्म गेला. लिहायची सवय नाही. पण हे कोणीतरी लिहिलं पाहिजे, आणि सगळं पहिल्यापासून माहीत असलेला माझ्याशिवाय आता कोणी उरला नाही.

गल्लीत हिला सेन्सॉरबाई म्हणायचे. नाव ठेवलं शेजारच्या निकमअण्णांनी. अण्णा टॉकीजला डोअरकीपर. दिवसभर पिक्चरच्या दारात उभं राहून आलेला माणूस, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे पिक्चर बघायला यायचा. तेव्हा आमचा विन्या सात-आठ वर्षांचा, मनी चारची. पडद्यावर काही नको ते आलं की ही हातातलं तांदळाचं सूप तसंच टीव्हीसमोर आडवं धरायची. तांदूळ इकडेतिकडे. एकदा अण्णा म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे पिक्चर मुंबईहून कापून येतो. तुमच्याकडे सूप लावून कापतात! तुम्ही सेन्सॉरच्या वरच्या सेन्सॉर." सगळे हसले, ही पण हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने सूप धरणं सोडून दिलं. मी विचारलं, तर म्हणाली, "मी सूप धरलं की विन्या सुपाच्या कडेने बघतो. म्हणजे एरवी बघितलं नसतं ते पण बघतो." सूप गेलं, नाव राहिलं.

मुलांना टीव्हीपुढे एकटं बसवायचं नाही हा तिचा पहिला कायदा. आमच्या दोन खोल्या. टीव्ही तिने अशा कोपऱ्यात ठेवला होता की भाकरी थापताना तिला पडदाही दिसायचा आणि पोरांची तोंडंही. मी म्हणायचो, एवढं काय त्यात, कामात असलीस की पोरं गप बसतात, बरंच आहे. ती म्हणायची, "दारावर अनोळखी माणूस आला तर त्याच्याबरोबर पोरांना बसवून तुम्ही बाजारात जाल का? मग? त्या डब्यातून दिवसाला पन्नास माणसं घरात येतात. एकाची तरी ओळख आहे का आपली?"

दुसरा कायदा, टीव्ही ज्याने लावला त्यानेच बंद करायचा. ती स्वतः कधी बटण दाबायची नाही. "एवढं संपलं की बंद करायचं हं विनू," असं आधी सांगून ठेवायची. संपलं की नुसती बघायची. विन्या कुरकुरत उठायचा आणि बंद करायचा. एकदा मी मध्येच उठून बंद केला तर माझ्यावरच चिडली. "तुम्ही बंद केला तर तो तुमच्यावर रुसतो. त्याने बंद केला तर त्याला सवय लागते. कळतंय का काही?" मला कळलं नव्हतं. मला वाटायचं, बाईला रिकामटेकडा उद्योग आहे.

जाहिराती लागल्या की मात्र मजा असायची. ही वणीची. तिच्या बापाचं देवीच्या गडावर जाणाऱ्या लोकांसाठी नारळ-प्रसादाचं दुकान होतं, तिथे गल्ल्याशेजारी बसून ती सातवीपर्यंत शिकली. त्यामुळे विकणारा माणूस तिला लांबून ओळखू यायचा. "विकणारा आधी हसतो," ती पोरांना सांगायची. "घेणारा हसत नाही. घेणारा विचार करतो." जाहिरात लागली की मनीने आवाज पार बारीक करायचा आणि पडद्यावरच्या माणसांचं बोलणं घरातल्यांनी बोलायचं. फेसाने माखलेली बाई हसायला लागली की ही म्हणायची, "अगंबाई, नळाचं पाणी गेलं, डोळ्यांत साबण गेला, आणि हे मेले फोटो काढतायत!" मनी ओरडायची, "टॉवेल द्या कोणीतरी!" दुधात घालायची पावडर पिऊन उंच झालेला पोरगा आला की विन्या आवाज चोरून म्हणायचा, "मी स्टुलावर उभा आहे, कोणाला सांगू नका." शेजारची पोरं खास जाहिराती बघायला आमच्याकडे यायची. पिक्चर लागला की निघून जायची.

त्या पावडरीवरून आठवलं. विन्याने तिचाच हट्ट धरला होता. वर्गात एकाकडे डबा होता. दुसरी एखादी आई ओरडली असती, नाहीतर निमूट आणून दिला असता. हिने डबा आणला, विन्याला दाराच्या चौकटीला उभा केला आणि डोक्यापाशी पेन्सिलीने रेघ मारली. रोज सकाळी एक चमचा. डबा संपला त्या दिवशी परत उभा केला. रेघ होती तिथेच. विन्या टाचा उंच करत होता, तिने खांदे धरून खाली दाबला. तो म्हणाला, "आई, खोटारडे आहेत हे लोक." ती म्हणाली, "खोटारडे नाहीत रे. विकणारे आहेत." पुढे कधी त्याने जाहिरातीतली वस्तू मागितली नाही. असं शिकवणं मला जन्मात सुचलं नसतं. मी फटका दिला असता.

चुकायचीही. मनी मारामारीचे सीन बघून दचकायची, म्हणून हिने सांगितलं, "तो रंग आहे गं. मेलाबिला नाही, आता उठून जेवायला गेला असेल." झालं, आमच्या घरात कोणी पडद्यावर मेलं की दोघं पोरं ओरडायची, "गेला जेवायला!" पुढे गल्लीतले एक आजोबा वारले. लोक तिरडी बांधत होते. मनी त्यांच्या सुनेपाशी गेली आणि विचारलं, "काकू, आजोबा जेवायला गेले का?" ती बाई जी बिथरली! आमच्या दारात येऊन नाही नाही ते बोलली. हिने सगळं ऐकून घेतलं, माफी मागितली. मग मनीचा हात धरून तिला तिरडीपाशी नेली, आजोबांच्या पायाला हात लावायला लावला. "गार लागतंय? हे खरं. हे आता जेवणार नाहीत, बोलणार नाहीत. टीव्हीतलं खोटं, हे खरं. माझं चुकलं, मी तुला अर्धंच सांगितलं होतं." चार वर्षांच्या पोरीला माझं चुकलं म्हणणारी आई मी दुसरी बघितली नाही. बाप तर एकही नाही.

आता माझं सांगतो. पहिली पाळी करून मी चारला घरी यायचो, आणि तिने दिवसभर बसवलेली घडी विस्कटायचो. बनियनवर बसायचो आणि मारामारीचा पिक्चर लावायचो. पोरं माझ्या दोन्ही बाजूंना. ती म्हणायची, "अहो, पोरं आहेत." मी म्हणायचो, "पोरं आहेत म्हणूनच म्हणतो, बघू दे गं." विन्या मला चिकटून म्हणायचा, "पप्पा भारी आहेत, आई बोर आहे." मला गुदगुल्या व्हायच्या. फुकटात भारी झालो होतो. सगळे नाही तिने म्हणायचे, सगळे हो मी. पोरांनी कोणाच्या गळ्यात पडावं?

आणि त्यात ते वाचणं. टीव्हीवर जे अक्षर येईल ते ही मोठ्याने वाचायची. पिक्चरमधल्या लोकांची नावं, बातम्यांखालच्या ओळी, केबल आली तेव्हापासून ती सरकणारी पट्टी. आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल होतं. त्याच्या पट्टीत कोणाची गाय हरवली, कुठे सेल लागला, कुठला पिक्चर कधी, सगळं यायचं. पोरांना वाचायची गोडी लागावी म्हणून आई वाचते, असं पोरांना वाटायचं. तीही तसंच सांगायची. खरं काय ते आम्हा दोघांना माहीत होतं, पण त्यावर आम्ही एकदाही बोललो नाही. अक्षर जागेवर उभं असलं तर मी त्याला गाठतो. बोर्ड वाचतो, पगाराची चिठ्ठी वाचतो, वेळ लागतो पण वाचतो. अक्षर पळायला लागलं की ते पुढे आणि मी मागे. पोरं घरातून गेली तरी ती पट्टी वाचत होती. घरात मी एकटाच होतो ऐकायला.

विन्या दहा वर्षांचा झाला त्या वर्षीची गोष्ट. माझी दुसरी पाळी होती. शुक्रवारी सकाळी ही नळावर होती, विन्या मोरीत अंघोळ करत होता. आतून ओरडला, "पप्पा, पट्टीत बघा ना, उद्याचा पिक्चर आहे का!" मी बघितलं. पट्टी निघाली होती. 'शनिवारी दुपारी एक वाजताचा चित्रपट काही कारणास्तव दाखवण्यात येणार नाही.' हे मला आज माहीत आहे. त्या वेळी मी शनिवारी गाठलं, एक गाठलं, चित्रपट गाठलं, दाखव इथपर्यंत पोचलो आणि पट्टी गेली. आपल्या भाषेत 'नाही' शेवटी येतं. मी ओरडून सांगितलं, "आहे रे, उद्या एक वाजता!"

शनिवारी शाळा सुटल्यावर विन्या सात पोरं घेऊन आला. ही दळणाला गेली होती, मनी घरात होती, मी कंपनीत जायला डबा भरून बसलो होतो. एक वाजला. पडद्यावर दोन बुवा टाळ वाजवत होते. सव्वा वाजला, बुवा तिथेच. एक पोरगा म्हणाला, "अरे, पट्टीत होतं ना, दाखवणार नाय म्हणून." विन्या म्हणाला, "हॅट! पप्पांनी वाचलंय." मी म्हणालो, "तसंच लिहिलेलं होतं." आणि नेमकी त्याच वेळी ती पट्टी परत आली. सातही पोरांनी वर्गात वाचतात तशी एका सुरात वाचली, आणि शेवटचा 'नाही' असा ओरडून म्हटला की अण्णा दारात येऊन बघायला लागले. विन्या हसला. मास्तर समजावतो तसा मला म्हणाला, "पप्पा, 'नाही' शेवटी असतं. शेवटपर्यंत वाचायचं असतं!" पोरं गडाबडा लोळली. पोराच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की ज्याच्या डोळ्यांत मी भारी होतो तो माझ्यावर हसला. मी डबा उचलला आणि त्याच्याकडे न बघता कामावर गेलो.

त्या संध्याकाळी पट्टीत आणखी एक ओळ आली. विन्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन केबलवाल्याने कॅमेऱ्यात घेतलं होतं, ते रविवारी दुपारी बारा वाजता दाखवणार होते. नाटकात आमचा विन्या पोस्टमन झाला होता. चार वाक्यं होती त्याला. ही बघायला गेली होती, मी पाळीमुळे गेलो नव्हतो. हिने पट्टी वाचली तेव्हा पोरगं म्हणे घरभर नाचलं. मला कोण सांगणार? मी घरी आलो तेव्हा सगळे झोपलेले. सकाळी जाग आली तेव्हा घरात कोणी नव्हतं. ही दोघांना घेऊन भाजीबाजारात गेली होती, तिथून विन्याला न्हाव्याकडे नेणार होती. टीव्हीत आपण दिसणार म्हणून पोराला केस कापायचे होते, नाटकाच्या वेळी होते तसे बारीक. टीव्हीतला पोस्टमन आणि घरातला विन्या सारखे दिसायला नकोत?

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी चहा केला. टीव्ही लावायला हात पुढे केला आणि ती पोरं 'नाही' म्हणून ओरडतायत असं वाटलं. पिशवीतून पक्कड काढली, गच्चीवर गेलो, आमच्या केबलची वायर धरली आणि तोडली. ती पट्टी माझ्या घरात परत यायला नको, एवढंच डोक्यात होतं. खाली येऊन हात धुतले.

बाराला पाच कमी असताना विन्या हिच्याबरोबर आला. केस बारीक कापलेले, अंगात शाळेचा शर्ट, मागे तीच पोरं. त्याने टीव्ही लावला. सगळ्या पडद्यावर मुंग्या. त्याने चॅनल फिरवलं, डब्यावर थापट्या मारल्या, मुंग्याच. "आई!" म्हणून जे ओरडला! ही गच्चीवर गेली आणि वायरचं टोक हातात घेऊन खाली आली. तोवर बारा वाजून गेले होते. विन्या तसाच धावत सुटला, दोन गल्ल्या पलीकडे केबलवालं एक घर होतं तिथे. तो पोचला तेव्हा पुढच्या वर्गाचा कोळी नाच चालू होता. नाटक पहिलंच होतं, पोस्टमन येऊन गेला होता. पुढच्या आठवड्यात केबलवाल्याच्या हातापाया पडलो, परत लाव म्हटलं, तर त्याने त्या कॅसेटवर कोणाचं तरी लग्न चढवलं होतं.

विन्या परत आला तो थेट हिच्या अंगावर. "तू तोडलीस! गुरुवारी म्हणाली होतीस ना, परीक्षा आली, आता केबल काढून टाकते म्हणून!" म्हणाली होती. सगळ्या आया म्हणतात. हिने हातातल्या वायरीचं टोक बघितलं. पक्कडीने तोडलेली तार कशी दिसते हे पक्कड वापरणाऱ्याच्या बायकोला सांगावं लागत नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी चप्पल शोधत होतो. चप्पल माझ्या पायात होती.

"हो," ती म्हणाली. "मीच तोडली. परीक्षा जवळ आलीय."

"तू आई नाहीस," विन्या म्हणाला. "सेन्सॉर आहेस." पोरं दारातून हळूच पांगली.

दोन दिवसांनी मी तिला विचारलं, तू असं का सांगितलंस. ती पीठ मळत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, "मनीने सांगितलं मला शनिवारचं. पोरगा माझ्यावर रागावला तर रागावू दे, जेवायला तर माझ्याकडेच येईल. बापाला हसायला लागला की हाताबाहेर जातो." मग म्हणाली, "तुम्ही सांगा त्याला. सावकाश सांगा. पण सांगा." मी हो म्हटलं. परीक्षा झाल्यावर सांगतो म्हटलं. परीक्षा झाली. मग म्हटलं, मोठा झाला की सांगतो, तेव्हा समजून घेईल. मोठा झाला. तिने परत कधी विषय काढला नाही.

पोरगं तिच्यापासून तुटलं ते तुटलंच. भांडला असता तर बरं, भांडलाही नाही. आवाज बारीक करून बोलायचा जाहिरातींचा खेळ बंद पडला, कारण तो उठून बाहेर जायचा. मनी एकटी किती बोलणार. बारावी झाल्यावर पुण्याला हॉस्टेलला गेला, इंजिनियर झाला, तिथेच नोकरीला लागला. घरी फोन घेतला होता. रविवारी फोन यायचा, ही धावत जाऊन उचलायची. तिकडून म्हणायचा, "पप्पांना दे." ही माझ्या हातात रिसीव्हर द्यायची आणि माझं बोलणं होईपर्यंत शेजारी उभी राहायची. मी काय बोलायचो? पगार झाला का, थंडी आहे का. ती खुणेने सांगायची, जेवणाचं विचारा. मी विचारायचो. मित्र घरी आणले की विन्या त्यांना रंगवून सांगायचा, "आमच्याकडे सेन्सॉर बोर्ड होतं. माझा टीव्हीवरचा एकमेव कार्यक्रम बोर्डाने कापला." मित्र हसायचे. ही चहाचे कप ठेवायची आणि आत जायची. मी तिथेच बसलेलो असायचो. तोंड होतं मला. हसायचोही कधीकधी.

ती गेली त्या रात्री विन्या पुण्याहून निघाला, पहाटे पोचला. मनी दिंडोरीहून, सासरहून, आधीच आली होती. सकाळी हिला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. हिरवं लुगडं, हळदकुंकू. बायका म्हणत होत्या, सवाष्ण गेली, भाग्याची गं. नवऱ्याच्या आधी मरणं एवढं भाग्याचं असेल, तर त्या नवऱ्याची किंमत काय ते त्यांनीच सांगावं. निकमअण्णा काठी टेकत आले, तिच्या पायाशी बसले आणि रडले. "सेन्सॉरबाई गेल्या रे विनोद." विन्या कोरडा होता. म्हणाला, "अण्णा, नाव तुम्ही बरोबर ठेवलं होतं. मी पोस्टमन झालो होतो ना, तो मला अजून बघायला मिळाला नाही." आणि हसल्यासारखं केलं. तिच्यापासून दोन हातांवर बसून.

मी म्हणालो, "वायर मी तोडली होती."

कोणाला कळलंच नाही. विन्या म्हणाला, "कुठली वायर?"

"केबलची. पक्कडीने. तुझी आई सकाळभर तुझ्याबरोबर होती, बाजारात, न्हाव्याकडे. निघताना टीव्ही लागत होता ना? तूच बंद केला असशील, तिचा कायदाच होता तसा. मग ती वर गेली कधी?"

पंधरा वर्षांत त्याला हे सुचलं नव्हतं. इंजिनियर आहे.

"का?" त्याने विचारलं.

"मला पट्टी वाचता येत नाही. तू हसला होतास."

"मी दहा वर्षांचा होतो, पप्पा."

"होतास. मी बेचाळीसचा होतो."

मनी हुंदके द्यायला लागली. विन्या म्हणाला, "तिला माहीत होतं?"

"वायर बघितल्याबरोबर."

"आणि तरी ती..." तेवढंच बोलला. मग उठला, माझ्या सदऱ्याची कॉलर धरली. अण्णा "अरे अरे" करत उठायला लागले. विन्या म्हणाला, "आत्ता सांगताय? आत्ता? काल सांगितलं असतं तर मी फोनवर..."

"काल सांगायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "रोज सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मार मला पाहिजे तर."

त्याने मारलं नाही. कॉलर सोडली आणि तिच्याकडे वळला, आणि एवढ्या माणसांत कुठे बसावं हे न कळल्यासारखा नुसता उभा राहिला. बाहेरून कोणीतरी म्हणालं, चला, तयारी झाली, उचला आता.

मी बायकांना म्हणालो, उठा, सगळ्या बाहेर व्हा. एक म्हातारी म्हणाली, मढं एकटं ठेवू नये. मी म्हणालो, एकटं कुठे आहे, पोरगा आहे तिचा. अण्णांना हात देऊन उठवलं, मनीला दंडाला धरून बाहेर आणलं. सगळे निघाल्यावर मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. दारापुढच्या ओट्यावरचे लोक कुरकुरायला लागले. ऊन वर आलं, अमरधामला नंबर लावलाय, किती वेळ, काय चाललंय. मी म्हणालो, थांबा. एक जण दाराशी आला, त्याला मागे लोटला. आतून विन्याचा आवाज यायला लागला, आधी बारीक, मग मोठा. तो काय बोलतोय ते मी ऐकलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.